दोन्ही बाजूंना तेच

गेल्या गुरुवारी बेळगावच्या खडेबाजारालगतच्या एका बोळातील दुकानात मी ३५० रुपये मोजून स्वतःच्या आवडीवर उपचार करवून घेतले, आणि त्याचा राग अद्याप पुरता उतरलेला नाही.

माझ्या जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झाला होता, एवढीच तक्रार होती. पट्टा बदलल्यावर वाजवून पाहता यावे म्हणून आतली कॅसेट मी तशीच राहू दिली, ही मात्र माझी चूक. ती स्लेयर या अमेरिकी बँडच्या १९८६ सालच्या ‘रेन इन ब्लड’ची होती. दहा गाणी आणि सगळी मिळून जेमतेम २९ मिनिटे. थ्रॅश मेटल या कर्कश, वेगवान रॉक प्रकारात याहून निर्दय घाई क्वचितच सापडेल, आणि त्याहून उग्र अशा डेथ मेटलवालेही तिच्यापुढे मान लववतात. चोर्ला घाट उतरून गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात एका गोऱ्या पर्यटकाशी तासभर घासाघीस करून मी ती मिळवली होती.

दुकानदाराने मला पाहताच, रिपोर्ट हाती आलेल्या डॉक्टराच्या सुरात, “बसा,” म्हटले. शेजारी मिक्सरच्या भांड्यासाठी थांबलेल्या एक काकू होत्या.

“सर, मशीन बिघडलं नव्हतं, पिसाळलं होतं बघा,” असे म्हणून त्याने कळ दाबली. पहिल्याच गाण्यात गायक टॉम अरायाची ती प्रसिद्ध किंकाळी आली. “हितं टेप अडकून किंचाळूलंय. तीनदा हेड स्पिरिटनं पुसलं, तरी किंचाळूलंयच.”

ते गाणेच तसे आहे, असे मी सांगितले. त्याने माझ्याकडे न पाहता काकूंकडे पाहिले.

“आणि हा स्पीड? माणसाच्या हाताला काही मर्यादा असत्यात की ओ!”

डेव्ह लोम्बार्डो नावाचा वादक दोन्ही पायांनी बेस ड्रम वाजवतो, हे मी समजावून सांगू लागलो, तेव्हा त्याने वाकून माझ्या चपलांकडे पाहिले. “मग तो माणूस नव्हे, मोटरच म्हणायची.” त्यावर काकूंनी, आमच्या मिक्सरचेही अगदी असेच झाले आहे, अशी साक्ष दिली.

त्याचा मुख्य आरोप पुढेच होता. “बाजू बदलली तरी तेच वाजूलंय. म्हणजे ऑटो-रिव्हर्स गेला.”

वस्तुतः अल्बम इतका छोटा आहे की कॅसेट काढताना तो दोन्ही बाजूंना अख्खाच्या अख्खा भरला गेला. हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले. चोरी पकडल्यावर पोराने सांगितलेली सबब ऐकावी, तसे त्याने ते ऐकले.

“सर, हितं मिठाईवाले कुंद्याच्या वजनात डबा धरत्यात, आणि अमेरिकेतली कंपनी दुसरी बाजू फुकट देणार व्हय?”

इतक्यात शेवटच्या गाण्याच्या अखेरीस पावसाचा आवाज सुरू झाला. काकू लगबगीने उठल्या, छत्री घेऊन दारापर्यंत गेल्या आणि बाहेरच्या लख्ख उन्हाकडे बघत उभ्या राहिल्या. “पाणी शिरलंय आत,” दुकानदार म्हणाला, “ते पण दोन दिवस गच्चीवर वाळवलं. त्याचे पैसे लावलेले नाहीत.”

या शहरात पाटीवर कोणती भाषा वर असावी, यावर पिढ्या खर्ची पडल्या आहेत. या संगीतात शब्द इतक्या वेगाने निघून जातात की हरकत घ्यायला कोणत्याच पक्षाला सवड मिळू नये, तरीही माझ्याबरोबर बसून ते ऐकणारा माणूस मला आजवर मिळालेला नाही. २०१२ साली स्लेयर बंगळूरला आले, तेव्हा नात्यातल्या लग्नाचे निमित्त सांगून मी रात्रभर बसमधून एकटाच गेलो होतो. त्या लग्नाचा आहेर किती दिला, हे घरी अजूनही विचारले जाते.

घरी येऊन कॅसेट लावली. मोटरच्या मागे बारीक भोकात वेगाचा स्क्रू असतो. तो घड्याळजीच्या पेचकसाने पिळून दुकानदाराने मोटर मंद केली होती. आता २९ मिनिटांची पहिली बाजू ३३ मिनिटे चालते, आणि पालखी खांद्यावर घेऊन चिखलातून चालावे तसा लोम्बार्डो चालतो. दुसरी बाजू लावली, तर तिथे कुमार गंधर्व गात होते. कॅसेटवर पुन्हा भरता येऊ नये म्हणून कडेला असलेल्या भोकावर चिकटपट्टी लावून, माझ्याच यंत्रात, त्याने दुकानातले भजन भरून दिले होते. कुमारजी इथल्याच सुळेभावीत जन्मलेले. त्यांच्याविषयी तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

स्क्रू पूर्ववत करावा म्हणून मी पेचकस आणला. परंतु भजन मंद मोटरीवर भरलेले आहे. म्हणजे स्लेयर ताळ्यावर आणले की कुमार गंधर्व स्लेयरच्या मागे धावू लागतात. पेचकस तीन दिवसांपासून टेबलावर पडून आहे.