बंदुकीच्या नळीत खोबरेल ओतू नका : खुलासा

‘पावसाळ्यात बारा बोअरच्या (छऱ्यांच्या दुनळी बंदुकीच्या) नळीत खोबरेल ओतून बंदूक गवसणीत ठेवा, गंज धरत नाही,’ असा निरोप खानापूर-बेळगाव भागात फिरतोय. तो चुकीचा आहे.

खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं. खानापूरच्या थंडीत ते घोड्याच्या यंत्रणेत उतरलं की फायरिंग पिन (काडतुसावर टोला मारणारी खीळ) जड होते, टोला हलका बसतो आणि काडतूस फुसकं जातं. शिवाय खाण्याची बरीच तेलं हवेनं हळूहळू चिकट होतात, त्यावर धूळ बसते. गवसणी तर त्याहून वाईट. कातडं ओल धरून ठेवतं, गंज आतून लागतो.

आधी बंदूक बिजागरीपाशी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. मग काडतूस घालतो त्या बाजूनं गजावर कोरडी चिंधी, सॉल्व्हंट (नळीतली काजळी विरघळवणारं द्रव) लावलेला पितळी ब्रश आणि पुन्हा कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. बंदुकीच्या तेलाचे दोन-तीन थेंब चिंधीवर घेऊन पातळ हात फिरवा. ओघळ दिसला तर जास्त झालं. दुसऱ्या दिवशी नळीत पुन्हा डोकवा, तांबूस डाग तेव्हाच दिसतात. बार काढण्याआधी नळी कोरडी पुसायचीच, कारण साचलेल्या तेलानं दाब वाढतो.