म्हणे क्लेअरमाँट शब्द फार लिहायचा

आज सकाळी कुणीतरी एक्स-मेन या सुपरहिरोंच्या जुन्या कॉमिकमधल्या, शब्दांनी भरलेल्या एका पानाचा फोटो टाकला. वर शेरा, 'यात चित्र शोधून दाखवा.' खाली नुसतं खिदळणं. पान लेखक ख्रिस क्लेअरमाँटचं. दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

या माणसाने १९७५ ते १९९१ अशी सलग सोळा वर्षं एक्स-मेन लिहिलं. त्याआधी ते कॉमिक मेल्यात जमा होतं, प्रकाशक मार्व्हल कित्येक वर्षं जुन्याच गोष्टी पुन्हा छापत होतं. त्याला यांनी एका फोटोत निकालात काढलं!

माझी ताई गायची. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला. सुपरहिरोंच्या वाटेला ती कधी गेलेली नव्हती, तरी मी एक्स-मेनचा १८६वा अंक तिच्या उशाशी ठेवला. १९८४चा, बॅरी विंडसर-स्मिथच्या चित्रांचा. वारा-पाऊस जिच्या शब्दात, त्या स्टॉर्म या नायिकेची शक्ती गेलीय. तिच्या वाट्याला त्या अंकात मारामारी नाही. एक घर, एक माणूस आणि तिचं तुटणं. ताईने सावकाश, एकेक चौकट वाचली.

मार्व्हलमध्ये तेव्हा कथानकावरून चित्रकार आधी पानं काढायचा, संवाद नंतर लिहिले जायचे. मारामारी, चेहरे, सगळं चित्रात आलेलं असायचं. क्लेअरमाँट त्यावर त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते लिहायचा. तेच जास्तीचे शब्द तुम्हाला खुपतात?

हो, तेच तेच लिहायचा, मान्य. कुणाची शक्ती काय, हे दर अंकात पुन्हा. पण प्रत्येक अंक कुणाचा तरी पहिला असतो. ताईचा तोच पहिला होता, आणि तिला काहीही समजावून सांगावं लागलं नाही. धागे अर्धवट सोडायचा, हेही खरं.

अंक संपल्यावर ताईने वहीत लिहिलं, 'हिची शक्ती परत येते का पुढे?' मी सांगायला तोंड उघडलं तर तिने हातानेच गप्प केलं. मग २०१वा अंक स्वतःहून मागितला. त्यात शक्ती नसलेली स्टॉर्म सायक्लॉप्स या एक्स-मेनमधल्याच नायकाला द्वंद्वात हरवते आणि एक्स-मेनची प्रमुख होते. बायकांना असं लिहिणारे तेव्हा होते किती?

आणि शेवटी काय झालं? १९९१मध्ये 'एक्स-मेन' नावाच्या नव्या मालिकेचा पहिला अंक ऐंशी लाखांवर खपला, आणि तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमाँट बाहेर. वादात संपादकाने चित्रकारांची बाजू घेतली. चित्रकार जिम लीची चित्रं सुंदर होती, नाही कोण म्हणतंय? पण सोळा वर्षं ज्याने ही माणसं जिवंत ठेवली, त्याला जावं लागलं याचा राग मला आजही येतो.

फोटो टाकणाऱ्या मुलाने बहुधा तेवढं एकच पान पाहिलं असेल. त्याच्यावर राग नाही रे. १८६ माझ्याकडे आहे, हवा तर मेसेज कर, देतो. ताईला विचारून, कारण अंक आता तिचा आहे.