गाडी झोपायची वाट बघताना

जुनी गाडी विकणारा माणूस इंजिनाबद्दल थापा मारायला जरा कचरतो, कारण इंजिन स्वतःच धूर काढून त्याची चहाडी करतं. वायरिंगची गोष्ट आली की मात्र त्याची जीभ सैल सुटते. तारा गालिच्याखाली, डॅशबोर्डमागे, दारांच्या पोटात. बघायला जातंय कोण?

मी बघत होतो त्या गाडीत डावा इंडिकेटर दिला की शेजारचा ब्रेकलाइटही त्याच्या तालावर मिणमिणायचा. मी तसं दाखवून दिलं. मालक म्हणाले, "मागच्याला लांबूनच कळतं." काच निम्म्यावर येऊन अडकली. "हवा खेळती राहते." हॉर्न दाबला तर तो वाजला, पण रेडिओ बंद पडला. "हॉर्न ऐकू यायला नको का?" आता या माणसाशी भांडणार कसं? चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा; तो लागलाच नाही, तर मालकांनी मीटरकडे अभिमानाने बोट दाखवलं, "बघा, एक वॉर्निंग नाही!"

माझ्याबरोबर एक वायरमन होता. कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते खर्चाचं. त्याने आधी सीटबेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. टोकाला चिखलाची सुकलेली रेघ होती, म्हणजे गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात बुडालेली. गाडी धुणारे सीट धुतात, पायपुसणी बदलतात, अत्तर मारतात, पण पट्टा इतका कुणी ओढत नाही. पाणी आठवड्यात सुकतं. कनेक्टरमध्ये तांब्यावर चढलेला हिरवा गंज पुढे महिनोन्‌महिने वाढत राहतो. ब्रेकलाइटचं कोडंही बहुधा त्यातलंच. गाडीत करंट परत येतो तो पत्र्यातून. मागच्या दिव्याला पत्र्याशी जोडणारी अर्थिंगची तार गंजली की करंटला सरळ वाट राहत नाही, मग तो शेजाऱ्याच्या घरातून मागच्या दाराने निघतो.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर 10 अँपियर लिहिलेल्या जागी लाल फ्यूज हवा होता. तिथे हिरवा, 30 चा बसला होता.

"सारखा उडायचा हो तो," मालक म्हणाले. "हा टाकल्यापासून उडालेला नाही."

"आता वायर जळेल," वायरमन म्हणाला.

मग त्याने बॅटरीला मीटर लावला आणि खरा छळ सुरू झाला. सगळं बंद असताना गाडी किती करंट पिते ते मोजायचं होतं. साधारण 50 मिलिअँपियरच्या आत असला तर ठीक. पण हल्लीच्या गाड्यांतले कॉम्प्युटर चावी काढल्या काढल्या झोपत नाहीत. काहींना अर्धा तास लागतो, आणि दार उघडलं की ते पुन्हा टक्क जागे. त्यामुळे आम्ही तिघं मोठे पुरुष बॉनेटभोवती उभे राहून गाडी झोपायची वाट बघत होतो. का कुणास ठाऊक, कुजबुजत बोलत होतो. आकडा हळूहळू उतरत होता. आणि मालकांना आठवलं, गॉगल आत राहिला. खट्‌ करून दार उघडलं. आतला दिवा लागला, मीटरचा आकडा टुणकन वर गेला, आणि वायरमनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू गॉगल माझाच होता.

दुसऱ्यांदा गाडी झोपली, म्हणजे तिला जेवढं झोपता येत होतं तेवढी झोपली. आकडा 400 वर अडून बसला. आत कुणीतरी जागं होतं, रात्रंदिवस, बॅटरीच्या जिवावर. आठवडाभर उभी ठेवली असती, तर सेल्फ नुसता टकटकला असता.

मालकांनी किंमत उतरवली. मी गप्प राहिलो, तर आणखी उतरवली. खोटं कशाला बोलू, माझं मन डळमळलं. रंग चांगला होता.

"घ्या साहेब," वायरमन मीटर गुंडाळत म्हणाला. "माझ्या मुलाचं शिक्षण व्हायचंय अजून."

मी नको म्हटलं. मालकांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. ते तिथल्या तिथे वळून वायरमनला म्हणाले, "मग तुम्हीच का घेत नाही? तुमचं काम तर घरच्या घरी."

आणि तो गाढव विचारात पडला.