कामाचं स्वरूप: नोकरी

काल चाकण एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर पावणेतीन तास उभी होते. पीएचडी कंत्राटी कामगारांवर, साठ फॉर्म भरून हवे होते, एचआरच्या साहेबांनी स्वतःच अकराला बोलावलेलं. असो.

वॉचमनकाकांनी रजिस्टर ओढलं. "काम काय?" म्हटलं रिसर्च. त्यांनी पेन टेकवलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लिहिलं, "नोकरी".

"काका नोकरी नाही हो, पीएचडी. इंडस्ट्रियल रिलेशन्स."

"म्हंजे युनियनचं?" आवाज एकदम खाली. "इथं ते नाव काढू नका ताई. आन् डॉक्टर होनार म्हंजे कशाचे?"

"कामगार-मालक भांडणांचे."

"मग औषध काय देता?"

आता काय सांगू! साडेचार वर्षं झाली, मलाच सापडलं नाहीये. एक चॅप्टर 1982 च्या गिरणी संपावर लिहिला, तर गाइड म्हणतात संप जुना झाला, एम्प्लॉयी एंगेजमेंट घाला. दुसरा 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यावर, तर 21 नोव्हेंबर 2025 ला सरकारने जुन्यांच्या जागी नवे कामगार कायदे, म्हणजे लेबर कोड, लागू केले आणि माझा चालू कायदा एका रात्रीत इतिहास झाला. दीडशे पानं, स्पायरल बाइंडिंगसकट.

काका मात्र सुटले होते. नऊ वर्षं याच गेटवर, ठेकेदार तिसरा, "शर्ट तोच ओ, नुसता खांद्यावरचा बिल्ला उसवायचा आन् नवा शिवायचा, शिवायचे पैसे आपलेच." आणि खरंच, बिल्ल्याच्या कडेला जुन्या दोऱ्याची भोकं दिसत होती. म्हटलं काका, हेच हवंय, भरा ना फॉर्म! तर हात मागे. "साहेबांनी सांगितल्याबिगर सही नाय."

पावणेदोनला ऑफिसबॉय गठ्ठा घेऊन आला. साठच्या साठ फॉर्म भरलेले, एकाच निळ्या पेनने, एकाच वळणदार अक्षरात, सगळे "पूर्ण समाधानी". शेवटची पगारवाढ कधी मिळाली? समाधानी. कुटुंबात माणसं किती? समाधानी. साहेब मीटिंगमध्ये. एवढा वेळ ते हेच भरत बसले होते की काय देव जाणे, आणि ते फॉर्म पाहून गाइड म्हणतील सँपल साइज छान आहे, हेही मला आत्ताच माहितीये.

राग नेमका कशाचा आला तेच कळेना. मी स्वतः कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, मे महिन्यात पगार नाही, जूनमध्ये पुन्हा इंटरव्ह्यू, कंत्राटी कामगारांवर रिसर्च करायला चाकणला कशाला यायला हवं होतं मी?

काकांनी आउट टाइम टाकला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लागंल ओ कुठंतरी. सोमवारी या, सोमवारी भरती असती."