हॉकीवर खापर फोडू नका

"हॉकीवेड्या कॅनडात बास्केटबॉल रुजणं शक्यच नव्हतं, म्हणून टोरांटो हस्कीज हा संघ एका हंगामात गुंडाळला गेला" हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. १९४६-४७च्या त्याच हंगामानंतर त्याच लीगमधले पिट्सबर्ग, क्लीव्हलंड आणि डेट्रॉइटचे संघही बंद पडले. ती तर अमेरिकन शहरं! हस्कीजने ६०पैकी ३८ सामने गमावले. एकाच मोसमात चार प्रशिक्षक झाले, त्यातला खेळाडू-प्रशिक्षक एड सॅडोव्स्की तर मध्येच संघ सोडून गेला.

१ नोव्हेंबर १९४६ला न्यूयॉर्कविरुद्धच्या पहिल्या सामन्याला टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये ७,०९० प्रेक्षक होते. हस्कीजचा साडेसहा फुटांहून उंच खेळाडू जॉर्ज नॉस्ट्रँड याच्यापेक्षाही जो उंच, त्याला फुकट प्रवेश, अशी जाहिरात केली होती! हस्कीज ६६-६८, फक्त दोन गुणांनी हरले. मी टोरांटोतच राहते. इथल्या लोकांना उत्साहच नव्हता म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.