पाणीसाठे ६, दूषित १

आमच्या दाराच्या चौकटीशेजारी, दिवाळीत दिलेल्या रंगावर, डासांच्या अळ्या तपासणाऱ्यांनी निळ्या खडूनं तारीख टाकून लिहिलंय: 'पाणीसाठे ६, दूषित १'. समोरच्या दारावर 'दूषित ०'. वरच्या मजल्यावर सगळीकडं ०. अख्ख्या जिन्यात दूषित आम्ही एकटेच. दूधवाला आताशा पिशवी जरा लांबूनच देतो असं मला वाटतं. बायको म्हणते, तो आधीपासूनच लांबून देतो.

तर हा 'दूषित १' म्हणजे आमच्या हॉलमधली काचेची टाकी. दोन फूट बाय एक बाय एक, म्हणजे साधारण छप्पन्न लिटर. तळाला काळी माती, वर बारीक खडी, मागं वॅलिसनेरियाच्या हिरव्या रिबिनी, पुढं ओंडक्याला शिवणाच्या दोऱ्यानं बांधलेलं अनुबियास. त्याचं आडवं खोड मातीत पुरलं की कुजतं, म्हणून बांधायचं. वर दिवा, कोपऱ्यात फिल्टर. सगळं होतं, फक्त मासे नव्हते.

मासे नव्हते, कारण ते लगेच सोडायचे नसतात. माशांच्या घाणीतनं अमोनिया होतो. एक जातीचे जंतू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट, आणि ते नायट्रेट झाडं खातात. पहिली दोन्ही माशांच्या जिवावर उठणारी. हे जंतू फिल्टरच्या स्पंजात घर करेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. तोवर त्यांनाही काही खायला लागतंच, म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य पाण्यात टाकायचं आणि कुजू द्यायचं. शास्त्र एवढंच आहे. एवढंच मी सगळ्यांना सांगत होतो, अगदी आप्पांनाही.

खालच्या मजल्यावरचे आप्पा सोसायटीचे अध्यक्ष नाहीत, सचिव नाहीत, कोणीच नाहीत. पण पाण्याच्या मोटारीची किल्ली त्यांच्याकडं असते. लातुरात ज्याच्याकडं मोटारीची किल्ली, त्याला वेगळं पद लागत नाही. मला ते 'सर' म्हणतात. मी शिकवत बिकवत नाही, पण क्लासेसच्या या गावात समोरच्याला सर म्हटलं की शंभरात साठदा बरोबरच येतं.

गुरुवारी डासांच्या अळ्या तपासणारे दोघं आले. एक वयस्क, वहीवाले; एक पोरसवदा, बॅटरीवाला. त्यांना घेऊन आले आप्पा.

"आधी ह्यांची टाकी बगा," आप्पा चपला न काढता म्हणाले. "महिन्यापासून पाणी भरून ठेवलेत. मासे न्हाईत."

"येतील," मी म्हणालो.

"कुठनं येतील? पाण्यातनं?"

पोरानं टाकीवर बॅटरी मारली. वहीवाल्यांनी चष्मा वर केला. मला वाटलं, झालं, आता जातील. तर आप्पांनी हुकमाचं पान काढलं.

"अन् रोज सकाळी खायला घालतेत. कुणाला घालतेत, इचारा."

हॉलमध्ये शांतता. फिल्टरचा तेवढा बुडबुड आवाज.

"साहेब, कुणाला घालता?" वहीवाल्यांनी फार जपून विचारलं.

"जंतूंना," मी म्हणालो.

आरोग्याच्या कामावर आलेल्या माणसांसमोर बोलायचं हे वाक्य नव्हे. पण खरं तेच होतं, आणि दुसरं काही सुचेना.

"जंतू वाढवायलाव?" आप्पा. "मुद्दाम?"

"चांगले जंतू असतात आप्पा. विरजण लावतो की नाही आपण दह्याला, तसं."

आप्पांनी टाकीत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मग? लागलं का दही?"

पोरगं हसलं. स्वयंपाकघरातनं आमच्या हिचाही हसल्याचा आवाज आला, आणि तो मला जास्त लागला.

वहीत रकाने होते: रांजण, बॅरल, सिमेंटची टाकी, कूलर, टायर. काचेच्या टाकीचा रकाना नव्हता. मी म्हणालो, डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून तुम्ही आठवड्याला कोरडा दिवस पाळायला सांगता, मान्य. पण हिच्यावर झाकण आहे, फिल्टरनं पाणी सारखं हलतंय, हलत्या पाण्यात डास अंडी घालायला येत नाही. ते म्हणाले, अगदी बरोबर आहे साहेब. आणि लिहिलं: कूलर.

तेवढ्यात झाडांबरोबर आलेली मोहरीएवढी गोगलगाय काचेवरनं सरकली. "हाललं!" आप्पा ओरडले. ती अळी नव्हे हे पोरानं त्यांना सांगितलं, मी सांगितलं, वहीवाल्यांनीही सांगितलं. पण हाललं ते हाललंच. शेवटी प्रकरण मिटवायला पोरानं पिशवीतनं प्लास्टिकची बाटली काढली. आत गप्पी मासे. "सोडू का सर? फुकट असतात. अळ्या खातात."

दैव बघा. आमच्या बोअरचं पाणी जड, क्षारांचं, निऑन टेट्रा माशांना सोसत नाही, पण गप्पीला मानवतं. म्हणजे मी गप्पीच आणणार होतो, दुकानातनं, पैसे मोजून. आणि ते माझ्या दिवाणखान्यात चालत आले होते, नको त्या आठवड्यात. मी म्हणालो, आत्ता नको, मरतील.

"फुकट देयलेत तरी नको!" आप्पांनी पंच नेमावेत तसं दोघांकडं बघितलं. वहीवाल्यांनी उसासा टाकला. साठलेलं पाणी, मासे नाहीत, घरमालक मासे घेत नाही. बसवलं दूषितमध्ये.

आप्पांचं मी समजू शकतो, थोडंसं. २०१६च्या उन्हाळ्यात या गावात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आप्पा ती बघायला स्टेशनवर गेले होते, आणि हे ते कुठल्याही विषयावरनं सांगू शकतात, लग्नाच्या याद्या चालू असल्या तरी. त्या वर्षी ज्यांनी तांब्यातांब्यानं पाणी मोजलं, त्यांना माझी शोभेची टाकी खुपणारच.

पण मग गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक दिवाळीपासून गेलाय, त्याचं काय? मोटार लावून आप्पा खाली गप्पा मारत बसतात, आणि माझ्यासारख्या चार टाक्या भरतील एवढं पाणी पाइपातनं गटारीत जातं. घरोघरी आरओ बसलेत, एक लिटर पिण्याचं काढायला दोन-तीन लिटर मोरीत. तळमजल्यावरची गाडी रोज पाइपानं धुतली जाते. ते कुणाच्या दारावर खडूनं लिहीत नाही. वाहून गेलेलं पाणी मोजायला रकानाच नाही. भरून ठेवलं, त्यातही हौसेनं ठेवलं, की गुन्हा. मीटिंगमध्ये बॉलकॉकचा विषय मी काढला, तर आप्पा म्हणाले, "सर, तुम्ही आधी तुमचे जंतू बगा."

परवा टाकीचं अर्धं पाणी बदललं. नळी लावून बादली भरली आणि मोरीकडं निघालो, तर दारात आप्पा.

"वतायलाव का ते? आणा हिकडं. कढीपत्त्याला घालतो."

दिली. बदललेल्या पाण्यात नायट्रेट असतं, झाडांना ते चांगलंच, हेही सांगितलं. ते त्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळी पुन्हा वर आले, या वेळी चपला काढून. टाकीपुढं उभे राहिले.

"सर, मासे आणणार म्हणता?"

"पुढच्या आठवड्यात."

"नका आणू," आप्पा म्हणाले. "उगं पाणी घाण करतील. झाडाला हे निस्तं जंतूचंच बरं हाय."

आणि बादली आमची होती. ती अजून वर आलेली नाही.