खुलासा : ‘नंबर टाका, सगळे मालक कळतात’ हे १९३२च्या फोर्डला लागू नाही

जुन्या हॉट रॉडचा (म्हणजे वेगासाठी बदल केलेल्या जुन्या गाडीचा) चॅसी नंबर संकेतस्थळावर टाकला की पहिल्यापासूनचे सगळे मालक मिळतात, असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ही संकेतस्थळं १७ अंकी नंबरवर चालतात, आणि तो नंबर अमेरिकेत १९८१च्या मॉडेलपासून आला. शिवाय १९९४च्या कायद्यामुळे तिथली नोंदणी कार्यालयं मालकाचं नाव-पत्ता मागेल त्याला देत नाहीत.

१९३२च्या व्ही-एट (आठ सिलिंडरच्या) फोर्डचा नंबर ‘१८-’ने सुरू होतो, दोन्ही टोकांना चांदणीची खूण. तो डाव्या चॅसी रेलच्या (सांगाड्याच्या लांब तुळईच्या) वरच्या बाजूला एकापेक्षा जास्त ठिकाणी ठोकलेला असतो. काही ठसे बॉडीखाली झाकलेले, म्हणजे बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाहीत. ग्राइंडर अजिबात लावू नका. ठसा उथळ असतो, एका फटक्यात जातो, आणि खोडलेला नंबर म्हणजे चोरीचा संशय आलाच. पेंट रिमूव्हर, मऊ ब्रश, मग खडू घासून तिरप्या उजेडात फोटो.

कागदावरचा नंबर जुळला नाही म्हणून लगेच घाबरू नका. अनेक राज्यांत गाडी इंजिनच्या नंबरावर नोंदवत, आणि हॉट रॉडचं इंजिन तर बहुधा बदललेलंच असतं!

आधीच्या मालकांचे खरे दुवे हाती लागतात ते जुन्या नोंदणी चिठ्ठ्यांत, डॅशबोर्डवरच्या टायमिंग टॅगमध्ये (वेगाच्या चाचणीत मिळालेल्या धातूच्या पट्टीत) आणि फोटोंत. फोटो जुळवताना रंग सोडा; फायरवॉलची (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याची) बुजवलेली भोकं बघा. नंबरप्लेटही बोलते : कॅलिफोर्नियाची पिवळ्या अक्षरांची काळी प्लेट १९६३ला सुरू झालेल्या मालिकेतली असू शकते.